खेळाडू उठत नाही तेव्हा : अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल, गंभीर दुखापत आणि चाहत्यांची माया

27 ऑक्टोबर 2012 या दिवशी, शनिवारी, अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्याच्या कोलंबिया शहरात विल्यम्स-ब्राइस स्टेडियम खच्चून भरले होते. यजमान साउथ कॅरोलिना विद्यापीठाचा सामना टेनेसी विद्यापीठाशी होता. पहिल्या अर्ध्यात चेंडू घेऊन धावणाऱ्या मार्कस लॅटिमोरच्या उजव्या गुडघ्यावर प्रतिस्पर्ध्याची जोरदार धडक बसली, गुडघा सांध्यातून निखळला आणि त्याला धरून ठेवणारे अस्थिबंध तुटले. पाय ज्या दिशेला वळला, त्या दिशेला माणसाचा पाय वळत नाही, हे वरच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसले असणार. ऐंशी हजारांच्या आसपास माणसे सामावणाऱ्या त्या मैदानात क्षणात शांतता पसरली. साउथ कॅरोलिनाचा सगळा संघ त्याच्याभोवती गोळा झाला, आणि त्यांच्यामागून टेनेसीचे खेळाडूही आले. ज्यांना काही मिनिटांपूर्वी त्याला जमिनीवर पाडायचे होते, तेच आता त्याच्या खांद्यावर हात ठेवत होते.

दोनच दिवसांनी लॅटिमोरचा एकविसावा वाढदिवस होता. त्या दिवशी विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थी आणि गावकरी त्याच्यासाठी जमले, आणि राज्याच्या तेव्हाच्या गव्हर्नर निकी हेली यांनी तो दिवस राज्यभर ‘मार्कस लॅटिमोर दिन’ म्हणून जाहीर केला. आदल्याच वर्षी त्याचा डावा गुडघाही असाच गेला होता आणि त्यातून तो जिद्दीने परतला होता, म्हणून लोकांचा जीव आणखी हळहळला.

आपल्याकडच्या वाचकाला पहिला प्रश्न पडतो तो हा की, एका कॉलेजच्या मुलाचा गुडघा मोडला म्हणून अख्खे राज्य का हलावे? त्याचे उत्तर या खेळाच्या बांधणीत आहे. अमेरिकी फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा पुढे फेकून यार्डायार्डाने पुढे सरकायचे आणि समोरच्या संघाने अंगाने धडका देऊन ते रोखायचे, असा तो खेळ आहे. व्यावसायिक संघ मोठ्या शहरांमध्ये असतात. अलाबामा, मिसिसिपी, आयोवा, साउथ कॅरोलिना यांसारख्या राज्यांत एकही नाही. तिथे गावाचा, जिल्ह्याचा, राज्याचा संघ म्हणजे विद्यापीठाचा संघ. आजोबा तिथे शिकलेले असतात, मुलगी तिथे शिकत असते, आणि जो अजिबात शिकलेला नसतो तोही शनिवारी त्याच रंगाचा सदरा घालून बसतो. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची अधिकृत क्षमता 1,07,601 आहे. आपले वानखेडे साधारण 33 हजारांचे. इतक्या माणसांपुढे खेळणारा मुलगा अठरा ते बावीस वर्षांचा असतो, त्याच आवारात राहतो आणि त्याच वर्गांत बसतो. चाहते त्याला ‘आमचा पोरगा’ म्हणतात ते उगाच नाही. त्या शब्दांत माया आहे तशी मालकीही आहे, आणि दुखापतीच्या वेळी या दोन्ही भावना एकदम वर येतात.

शांततेत नेमके काय चालते

खेळाडू पडला आणि उठला नाही, की आधी आवाज थांबतो. मग दोन्ही संघांचे खेळाडू एका गुडघ्यावर बसतात. ही प्रथा अमेरिकेत शाळेपासून शिकवली जाते, आणि प्रेक्षकांच्या दृष्टीने ती एक खूणही असते: खेळाडू बसले म्हणजे प्रकरण साधे नाही.

मानेला मार लागल्याची शंका असेल, तर मैदानावर जे घडते ते फार सावकाश घडते आणि म्हणूनच पाहणाऱ्याच्या जिवाची घालमेल होते. एक प्रशिक्षित मदतनीस खेळाडूच्या डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके घट्ट धरतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. दुसरा त्याला बोटे हलवायला सांगतो, तळव्याला हात लावून संवेदना विचारतो. हेल्मेटची पुढची जाळी स्क्रू काढून वेगळी केली जाते, म्हणजे श्वासाची वाट मोकळी होते. नुसते हेल्मेट मात्र झटकन काढत नाहीत. खांद्यावरच्या जाड गाद्यांमुळे खेळाडूची पाठ जमिनीपासून उचललेली असते. अशा वेळी फक्त हेल्मेट काढले, तर डोके मागे पडते आणि आधीच दुखावलेली मान वाकते. मग सात-आठ जण एका तालात त्याला फळीवर घेतात. हे सगळे होईपर्यंत दहा-दहा मिनिटे जाऊ शकतात आणि तेवढा वेळ हजारो माणसे जवळपास गप्प बसून असतात.

खेळाडूला घेऊन गाडी बाहेर निघताना प्रेक्षकांचे डोळे खेळाडूच्या हातावर खिळलेले असतात. अंगठा वर आला, की टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि त्यात पाहुण्या संघाचे चाहतेही सामील असतात. या टाळ्यांमागे सुटकेचा निःश्वास असतो, कारण हात हलला म्हणजे लकवा नाही, असा लोकांचा समज होतो. वैद्यकीय दृष्टीने एवढ्यावरून फारसे काही ठरत नाही. लॅटिमोरच्या गुडघ्याबद्दल अंगठा काहीच सांगू शकत नव्हता. 2013 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली, पण एकही सामना न खेळता 2014 च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी तो निवृत्त झाला.

आणि कधीकधी अंगठा वर येतच नाही.

16 ऑक्टोबर 2010 रोजी न्यू जर्सीतील ईस्ट रदरफोर्डच्या मैदानात रटगर्स विद्यापीठाचा एरिक लग्रँड सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात आर्मीच्या, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाच्या, खेळाडूला अडवायला धावला. हा ‘किकऑफ’चा क्षण होता, म्हणजे एका संघाने चेंडू लांब मारायचा आणि दुसऱ्याने तो झेलून उलट धाव घ्यायची. खेळात एवढ्या अंतरावरून समोरासमोर येऊन माणसे आदळण्याचे प्रसंग दुसरे फारसे नाहीत, कारण दोन्ही बाजू चाळीस-पन्नास यार्ड पूर्ण वेगाने धावून आलेल्या असतात. लग्रँडच्या मानेचे तिसरे आणि चौथे मणके मोडले. मानेच्या खाली शरीर हलेना, श्वास घेता येईना. त्याच्या संघाने तो सामना अतिरिक्त वेळेत जिंकला.

पुढे जे झाले ते रटगर्सचे चाहते आजही सांगतात. श्वासयंत्रावरच राहावे लागेल अशी भीती असलेला मुलगा पाच आठवड्यांत यंत्रावाचून श्वास घेऊ लागला. वर्षभराने, 29 ऑक्टोबर 2011 रोजी, अवेळी पडलेल्या बर्फात, तो चाकाच्या खुर्चीवर बसून संघाच्या पुढे मैदानात उतरला. 2013 साली त्याचा 52 हा क्रमांक विद्यापीठाने कायमचा राखून ठेवला. रटगर्सच्या फुटबॉलमध्ये असा मान त्याआधी कोणालाच मिळाला नव्हता. मला मात्र त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती एक कोरडी नियमदुरुस्ती. 2012 पासून कॉलेज फुटबॉलमध्ये किकऑफची जागा 30 यार्डांवरून पाच यार्ड पुढे, 35 वर नेण्यात आली, आणि चेंडू परत न आणता सोडून दिल्यास 20 ऐवजी 25 यार्डांवरून खेळ सुरू करण्याची सवलत मिळाली. पाच-पाच यार्डांचा हा फेरफार ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ असा की चेंडू जास्त वेळा रेषेपलीकडे जाईल आणि ती भरधाव टक्कर तितक्या वेळा टळेल. या बदलामागे एकट्या लग्रँडचीच दुखापत होती असे म्हणता येणार नाही, पण किकऑफकडे पाहण्याची लोकांची नजर त्या वेळेपासून बदलली, एवढे नक्की.

लोकांच्या हळहळीतून नियम घडण्याचा हा प्रकार या खेळाला नवा नाही. 1905 साली मैदानावरच्या मृत्यूंमुळे एवढा गहजब झाला होता, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली, त्यामुळे माणसांच्या ढिगात घुसून धक्काबुक्की करण्याची सक्ती कमी झाली. त्याच वर्षी एक संघटना स्थापन झाली आणि तिचीच पुढे एनसीएए झाली. आज अमेरिकेतील कॉलेज खेळांचे नियमन करणारी ही संस्था मुळात जन्मालाच आली ती दुखापतींमुळे.

बादल्यांमधून गोळा झालेली वर्गणी

चाहत्यांची माया सगळ्यात स्पष्ट दिसली ती मिसिसिपी राज्यातील ऑक्सफर्ड या छोट्या गावात. 28 ऑक्टोबर 1989 रोजी मिसिसिपी विद्यापीठाचा, लोकांच्या तोंडी ‘ओल मिस’चा, सामना व्हँडरबिल्टशी होता. वीस वर्षांचा चकी मलिन्स पास झेलू पाहणाऱ्या ब्रॅड गेन्सच्या पाठीवर मागून धडकला. चेंडू गेन्सच्या हातून निसटला, म्हणजे खेळाच्या हिशेबाने मलिन्सने आपले काम चोख केले होते. पण धडकताना त्याची मान खाली झुकलेली होती.

ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. आपल्या मानेला नैसर्गिक बाक असतो आणि तो बाक स्प्रिंगसारखा धक्का पचवतो. डोके खाली घातले की बाक नाहीसा होऊन मणके एका सरळ रेषेत येतात. टाळूवर बसलेला आघात मग पचायला जागाच उरत नाही आणि तो थेट मणक्यांवर जातो. 1976 मध्येच डोक्याने धडक देण्यास बंदी घातली गेली होती आणि त्यानंतर लकव्याच्या घटना झपाट्याने कमी झाल्या होत्या. नियम कागदावर होता, पण भर वेगात असलेल्या मुलाचे डोके अर्ध्या क्षणात खाली जाते. मलिन्सचे चार मणके मोडले आणि त्याचे हातपाय लुळे पडले.

मलिन्स कृष्णवर्णीय होता. अलाबामातील रसेलव्हिल या गावातून आलेला, लहानपणीच आई गमावलेला, गावातल्या एका जोडप्याने वाढवलेला. आणि हे तेच विद्यापीठ होते, जिथे 1962 साली जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळू नये म्हणून दंगल झाली होती आणि दोन जीव गेले होते. मलिन्सला दुखापत झाली तेव्हाही त्याच मैदानात प्रेक्षक गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचे निशाण फडकवत असत. त्या प्रेक्षकांमध्ये बादल्या फिरल्या आणि लोकांनी त्यांत नोटा टाकल्या. निधी दहा लाख डॉलरच्या वर गेला. प्रतिस्पर्धी विद्यापीठांच्या चाहत्यांनीही पैसे पाठवले. मलिन्सच्या चाकाच्या खुर्चीला जाता-येता येईल असे घर उभे राहिले. डिसेंबर 1989 मध्ये मेम्फिसमध्ये झालेल्या मोसमाच्या अखेरच्या सामन्याआधी तो संघाला भेटायला आला, आणि संघाने तो सामना जिंकला.

जुने वैर एका दुखापतीने धुऊन निघाले, असे या प्रसंगाचे वर्णन पुष्कळदा केले जाते. मला ते पटत नाही. मैदानातली निशाणे त्यानंतरही कित्येक वर्षे फडकत होती. पण बादलीत नोट टाकणाऱ्या माणसाची भावना खोटी होती असेही नाही. एका मुलापुरते त्या लोकांचे मन मोठे झाले, आणि ते खरोखर झाले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

1991 च्या जानेवारीत मलिन्स पुन्हा वर्गात बसू लागला. 6 मे 1991 रोजी रक्ताची गाठ फुप्फुसात अडकून त्याचा मृत्यू झाला. तो एकवीस वर्षांचा होता.

आता प्रश्न असा, की विद्यापीठासाठी खेळताना जायबंदी झालेल्या मुलासाठी बादल्या का फिरवाव्या लागल्या? कारखान्यात यंत्रात हात गेलेल्या कामगाराला कायद्याने भरपाई मिळते, मग याला का नाही? याचे उत्तर एका शब्दप्रयोगात दडलेले आहे: ‘विद्यार्थी-खेळाडू’. 1955 साली कोलोरॅडोतील फोर्ट लुईस ए अँड एम कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू डोक्याला मार लागून मरण पावला आणि त्याच्या विधवा पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. 1957 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नव्हते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. खेळाडूंना कुणी नोकर ठरवू नये या धास्तीने एनसीएएने त्याच काळात ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला, हे त्या संस्थेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे निवृत्तीनंतर लिहून ठेवले आहे. 1974 मध्ये अलाबामाविरुद्ध खेळताना लकवा झालेल्या टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या केंट वॉल्ड्रेपने भरपाईसाठी वर्षानुवर्षे लढा दिला. 2000 साली टेक्सासच्या अपील न्यायालयाने तोही नोकर नव्हता असाच निर्णय दिला.

परिस्थिती आता पूर्वीइतकी वाईट नाही. 1992 पासून एनसीएएची अतिगंभीर दुखापतींसाठी विमा योजना आहे, पण उपचारांचा खर्च 90 हजार डॉलरच्या पुढे गेल्यावरच ती लागू होते. त्याखालच्या रकमेसाठी घरचा किंवा विद्यापीठाचा विमा लागतो. ऑगस्ट 2024 पासून वरच्या श्रेणीतील विद्यापीठांवर, खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचारखर्च खेळाडू बाहेर पडल्यावरही किमान दोन वर्षे उचलण्याचे बंधन आले आहे. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे मिळवता येतात, आणि 2025 पासून विद्यापीठे त्यांना थेट उत्पन्नाचा वाटा देऊ लागली आहेत. दोन वर्षे ही मुदत मात्र पुन्हा पुन्हा डोळ्यांत खुपते, कारण तुटलेला गुडघा खरा त्रास देऊ लागतो तो चाळिशीनंतर, आणि तोपर्यंत मैदानात बादली फिरवणारे कोणी उरलेले नसते.

तोच जमाव हुर्यो उडवतो तेव्हा

इथपर्यंत वाचून वाटेल की चाहते नेहमीच हळवे असतात. तसे नाही. आयोवा विद्यापीठाच्या किनिक स्टेडियमला लागूनच लहान मुलांचे एक मोठे रुग्णालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरून मैदान दिसते आणि उपचार घेणारी मुले आईवडिलांसोबत काचेशी येऊन उभी राहतात. 2017 पासून प्रत्येक सामन्याचे पहिले सत्र संपले की मैदानातले सगळे प्रेक्षक, खेळाडू, प्रशिक्षक, पंच आणि पाहुणा संघसुद्धा, त्या खिडक्यांकडे वळतात आणि हात हलवतात. कॉलेज फुटबॉलमध्ये याहून सुंदर दृश्य मला माहीत नाही.

9 ऑक्टोबर 2021 रोजी याच मैदानात, पेन स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात, याच प्रेक्षकांनी मैदानावर पडलेल्या पाहुण्या खेळाडूंची हुर्यो उडवली. कारण समजून घ्यायला थोडा खेळ समजून घ्यावा लागतो. काही संघ दोन चालींमध्ये दम न घेता भराभर पुढची चाल खेळतात, म्हणजे समोरच्या बचाव फळीला खेळाडू बदलायला किंवा श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. यावर काही संघांनी काढलेली पळवाट म्हणजे एखाद्याने पाय धरून खाली बसायचे. दुखापत म्हटली की पंच खेळ थांबवतात, त्या खेळाडूला एका चालीपुरते बाहेर जावे लागते, पण बाकी दहा जणांना उसंत मिळते. खोट्या दुखापतीची ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असल्याने प्रेक्षकही ‘लांडगा आला रे आला’ ओरडणाऱ्या गुराख्याच्या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखे झाले आहेत. पेन स्टेटचे तेव्हाचे प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांनी सोंगाचा आरोप फेटाळला. त्या दिवशी दुखापत झालेल्या त्यांच्या खेळाडूंपैकी पीजे मस्टिफर हा बचाव फळीतला खेळाडू तर त्या मोसमात पुन्हा खेळूच शकला नाही.

साठ रांगा वरून खरे काय आणि सोंग काय, हे कुणालाच कळू शकत नाही. ज्याला ते कळते अशी खात्री वाटते, तो माणूस कधी ना कधी गुडघा मोडलेल्या मुलाची हुर्यो उडवणार. म्हणून 2025 मध्ये आलेला नियम मला शहाणपणाचा वाटतो. पुढच्या चालीसाठी चेंडू जागेवर ठेवल्यानंतर एखादा खेळाडू खाली बसला आणि वैद्यकीय पथक आत आले, तर त्या संघाच्या हक्काच्या विश्रांतीपैकी (‘टाइमआउट’) एक कापली जाते. विश्रांती उरली नसेल तर पाच यार्डांचा दंड बसतो. दुखापत खरी की खोटी हे ठरवण्याच्या भानगडीत नियम पडतच नाही. सोंगातला फायदाच काढून टाकला, की प्रेक्षकालाही संशय घेण्याचे कारण कमी होते.

डोक्याला लक्ष्य करून दिलेल्या धडकेबद्दलही चाहत्यांचे मन असेच दुभंगलेले असते. अशा धडकेला मनाई करणाऱ्या 2008 च्या नियमाला 2013 मध्ये धार आली आणि दोषी खेळाडूला सामन्यातून बाहेर काढले जाऊ लागले. आपल्या संघाच्या खेळाडूला पंचांनी बाहेर काढले, की मैदान पंचांवर तुटून पडते. मान मोडलेल्या मुलासाठी रडणारी माणसे आणि मान वाचवणाऱ्या नियमावर चिडणारी माणसे वेगळी नसतात. वेदना डोळ्यांसमोर असते, टळलेली वेदना दिसत नाही, म्हणून असे होते.

सट्टेबाजीने यात आणखी भर घातली आहे. 2018 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खेळांवरील सट्टा कायदेशीर करण्याची वाट मोकळी केली, आणि एखादा खेळाडू किती यार्ड धावेल यावरही लोक पैसे लावू लागले. तो लंगडत बाहेर पडला की कुणाचे तरी पैसे बुडतात, आणि मग त्या मुलाला मोबाइलवर शिव्या येतात. ओहायोसारख्या काही राज्यांनी कॉलेज खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरील सट्ट्यावर बंदी घातली, ती याच कारणाने.

रागाचा आणखी एक रोख असतो, तो प्रशिक्षकाकडे. 16 नोव्हेंबर 2019 रोजी अलाबामाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, टुआ टागोवायलोआ याचा खुबा निखळला आणि हाड मोडले, तेव्हा त्याचा संघ मिसिसिपी स्टेटविरुद्ध 35-7 असा पुढे होता. महिन्याभरापूर्वीच त्याच्या घोट्याची शस्त्रक्रिया झाली होती. ‘एवढी आघाडी असताना त्याला मैदानात ठेवलाच कशाला?’ हा प्रश्न राज्यभर घराघरांत विचारला गेला. तीच त्याची शेवटची खेळी ठरलेली होती, असे प्रशिक्षक निक सेबन यांनी सांगितले. अलाबामाच्या चाहत्यांच्या मनात त्या वेळी 2005 चा टायरोन प्रोथ्रो नक्की आला असणार: फ्लोरिडाविरुद्ध मोठी आघाडी असताना पास झेलायला उडी मारली, पाय मोडला आणि पुन्हा कधी खेळता आले नाही. टुआ सुदैवी ठरला आणि व्यावसायिक खेळात गेला. निकाल पाहून प्रशिक्षकाला दोष देणे सोपे असते हे मान्य केले, तरी घोटा दुखावलेला असताना आणि सामना हातात असताना त्याला खेळवण्याचा निर्णय मला आजही चुकीचाच वाटतो.

2023 मध्ये तर एका दुखापतीने चाहत्यांचा राग थेट न्यायालयाच्या दारापर्यंत नेला. 18 नोव्हेंबरला फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. त्याच्याविना संघाने उरलेले सामनेही जिंकले आणि 13 पैकी 13 विजयांसह आपल्या गटाचे विजेतेपद पटकावले. तरीही 3 डिसेंबरला निवड समितीने राष्ट्रीय विजेतेपदाच्या चार संघांत त्यांना घेतले नाही. महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसेल तर त्याचा विचार करावा, असे समितीच्या निकषांत होतेच, आणि ट्रॅव्हिसविना हा संघ तोच राहिलेला नाही, असे तिचे म्हणणे पडले. चार संघ निवडण्याच्या त्या पद्धतीत प्रमुख गटांपैकी एकाचा अपराजित विजेता वगळला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. राज्याच्या महाधिवक्त्यांनी चौकशी सुरू केली, गव्हर्नरांनी कज्जासाठी दहा लाख डॉलरची तरतूद सुचवली.

या गदारोळात खुद्द ट्रॅव्हिसने जाहीरपणे असे म्हटले, की आपला पाय मोसमात आधीच मोडला असता तर बरे झाले असते, म्हणजे संघ एकट्यावर अवलंबून नाही हे लोकांना दिसले असते. आपल्या मोडलेल्या पायाबद्दल त्या मुलाला अपराधी वाटत होते. चाहत्यांचा संताप समितीवर होता, त्याच्यावर नव्हता. तरीही त्याचे ओझे त्याच्याच अंगावर आले.

असे ओझे आणखी एकाच्या अंगावर येते, आणि त्याची आठवण सहसा कुणी काढत नाही: टकरीतला दुसरा खेळाडू. बादल्या एकासाठीच फिरतात, पण त्या दिवशी मैदानावर जायबंदी झालेला माणूस एकच नसतो. ऑक्सफर्डमधल्या त्या धडकेत ब्रॅड गेन्सचा काहीही दोष नव्हता; मार त्याने दिला नव्हता, त्याला बसला होता. तरीही तो मलिन्सला भेटायला मेम्फिसच्या रुग्णालयात गेला, आणि पुढे दोघांची मैत्री झाली. मलिन्स गेल्यावर त्याला रसेलव्हिलमध्ये पुरले. गेन्स वर्षातून तीनदा त्या कबरीपाशी जात आला आहे: 6 मे या त्याच्या मृत्यूच्या दिवशी, नाताळच्या दिवशी, आणि 28 ऑक्टोबरला, ज्या दिवशी तो चेंडू त्याच्या हातून निसटला.